एका छपराला तीन परवाने

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांचे निमंत्रणाचे पत्र आले त्यात विषयाची सक्ती नव्हती. 'तालीमविषयी दोन शब्द बोलावेत' एवढाच मजकूर होता. तालीमविषयी अधिकाराने बोलू शकतील अशी कितीतरी मंडळी आज या सभागृहात बसलेली आहेत. मी व्यवसायाने वकील. विश्वस्त संस्था, यतीमखाने, वसतिगृहे यांच्या फायली चाळण्यात उमर गेली. तेव्हा जे ठाऊक आहे त्यावरच बोलावे हे बरे, असे ठरवून एक रुक्ष विषय घेऊन आलो आहे. दुसऱ्यांच्या मुलांना आपल्या छपराखाली ठेवून घेणाऱ्या संस्थांवर सरकारची जी देखरेख असते, त्या देखरेखीचे कोणते कायदे ठेवावेत आणि कोणते रद्द करावेत, हा तो विषय.

विषय रुक्ष असला तरी परका नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले घर सोडून वसतिगृहात राहतात. बाप गेल्यावर आईने काळजावर दगड ठेवून ज्यांना यतीमखान्यात पाठवले, असे विद्यार्थीही समोर बसलेले असतील. त्यांच्या झोपण्या-जेवणाच्या जागेवर, त्यांच्या आजारपणावर कोणाची नजर आहे, हा प्रश्न आधी त्यांचा आहे. ट्रस्टींचा आणि वकिलांचा नंतर.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका संस्थेत सल्ल्यासाठी गेलो होतो. कार्यालयाच्या भिंतीवर ओळीने प्रमाणपत्रे टांगलेली. १८६० च्या कायद्याखालची सोसायटीची नोंदणी, १९५० च्या कायद्याखालची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, आणि मुले ठेवण्याविषयीचे एक जुने मान्यतापत्र. व्यवस्थापक मोठ्या अभिमानाने म्हणाले, "वकीलसाहेब, आमचं सगळं कायदेशीर आहे." मी विचारले, "बाल न्याय कायद्याखालची नोंदणी कुठे आहे?" तर त्या जुन्या मान्यतापत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय!" माणूस खोटे बोलत नव्हता. सरकारचा एक शिक्का भिंतीवर असला की दुसरा मागायला कोणी येणार नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अशी समजूत असणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ती निर्माण होण्याला आपली कायदे करण्याची रीत बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. नवा कायदा येतो, पण जुना जात नाही, अशी ती रीत.

१९५६ साली संसदेने स्त्रिया व मुले यांच्या संस्थांना परवाने देण्याचा कायदा केला. चारच वर्षांनी, १९६० साली, अनाथालये व इतर धर्मादाय गृहे यांच्या देखरेखीचा व नियंत्रणाचा दुसरा कायदा आला. पहिला म्हणतो परवाना घ्या, दुसरा म्हणतो मान्यतापत्र घ्या. दोन्हींचा विषय मात्र एकच: निराधार स्त्रिया आणि मुले यांना ठेवून घेणारी घरे. दोन्हींत मूल म्हणजे अठरा वर्षे पुरी न झालेला मुलगा किंवा मुलगी. शिवाय १९६० चा कायदा ज्या राज्य सरकारने तारीख ठरवून लागू केला त्याच राज्यात चालायचा. केरळमध्ये त्या कायद्याखालचे नियंत्रण मंडळ नेटाने काम करीत राहिले, आणि तेथील यतीमखाने वर्षानुवर्षे त्याच मंडळाचे कागद बाळगून राहिले. हे लक्षात ठेवा. पुढे त्याच कागदांवरून गाडी अडली.

मुलांच्या कायद्याचा दुसरा एक प्रवाह याहून जुना आहे. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली मुलांसाठी वेगळे कायदे केले. मुंबईच्या कायद्यातूनच १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. डोंगरीजवळचे उमरखाडीचे निरीक्षणगृह मुंबईकर मंडळींना ठाऊक असेलच. १९४८ साली मुंबईने हा कायदा नव्याने केला. पण हे सारे ज्या त्या प्रांताचे. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार बाई वेगवेगळ्या राज्यांच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा काही राज्यांत मुलांचा कायदा कागदावर असूनही लागूच केलेला नाही, ही गोष्ट न्यायालयासमोर आली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सुचवले की प्रत्येक राज्याचा निराळा कायदा असण्यापेक्षा संसदेनेच एक कायदा करावा. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. त्यात एक कलम असे होते की ज्या राज्यात याच विषयावरचा दुसरा कायदा चालू असेल तो आपोआप रद्द समजावा. मुंबईचा १९४८ चा कायदा अशा रीतीने गेला. त्याच्यासाठी कोणी रडले नाही. तो वाईट होता म्हणून गेला नाही, त्याची जागा भरली म्हणून गेला. रद्द करणे म्हणजे काय याचा हा चांगला नमुना मी मानतो.

पण संस्थांच्या परवान्याचे १९५६ आणि १९६० चे दोन कायदे त्या झाडणीतून सुटले. २००० साली नवा बाल न्याय कायदा आला. त्यानेही त्यांना हात लावला नाही. २००६ साली त्यात दुरुस्ती होऊन सर्व संस्थांनी सहा महिन्यांत या कायद्याखाली नोंदणी करावी असे ठरले. पण त्या कलमाची सुरुवात होती, 'इतर कोणत्याही कायद्यातील तरतुदींना बाध न आणता'. आम्हा वकिलांना एवढे शब्द पुरतात! बाध न आणता म्हणजे जुनेही चालू, नवेही चालू. ज्याला नोंदणी करायची नव्हती त्याला जुन्या कागदाचा आधार मिळाला, आणि ज्या अधिकाऱ्याला तपासणीची दगदग नको होती त्यालाही 'ते आमच्याकडे येत नाहीत' असे म्हणायला जागा झाली.

२०१५ च्या कायद्याने ही भाषा बदलली. त्याचे ४१ वे कलम 'इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी' या शब्दांनी सुरू होते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना पूर्णतः किंवा अंशतः ठेवण्यासाठी असलेली प्रत्येक संस्था, मग ती सरकारी असो वा खासगी, अनुदान घेणारी असो वा न घेणारी, तिने सहा महिन्यांत नोंदणी केलीच पाहिजे. न केल्यास ४२ व्या कलमाप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा कमीत कमी एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि पुढच्या प्रत्येक तीस दिवसांचा उशीर हा वेगळा गुन्हा. एवढे कडक शब्द लिहिणाऱ्या संसदेने रद्द करण्याच्या कलमात मात्र फक्त २००० च्या कायद्याचे नाव घातले. १९५६ आणि १९६० ची नावे त्याच ओळीत लिहिली असती तर शाईचे दोन थेंब अधिक खर्च झाले असते.

आणि रद्द करणे संसदेला अवघड आहे असेही नाही. २०१४ नंतरच्या दहा वर्षांत दीड हजारांहून अधिक जुने कायदे तिने मोडीत काढले. त्यांतले बहुतेक असे की ते आहेत हेही कोणाला माहीत नव्हते. खरी कसोटी असते ती ज्या जुन्या कायद्याखाली अजून कोणाचे कार्यालय चालते, कोणाची खुर्ची आहे, कोणाचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे, अशा कायद्याची.

याचा परिणाम काय झाला? केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने देशभरातील अशा संस्थांची मोजदाद करविली, तिचा अहवाल २०१८ साली आला. ९,५८९ संस्था मोजल्या गेल्या. त्यांत पावणेचार लाखांच्या आसपास मुले होती. २०१६ सालापर्यंत बाल न्याय कायद्याखाली नोंदलेल्या संस्था शेकडा ३२, आणि जवळपास तितक्याच कोठेच न नोंदलेल्या. उरलेल्यांत बाकीच्या कायद्यांखाली किंवा योजनांखाली नोंदलेल्या आणि नोंदणीची वाट पाहत बसलेल्या. दहा संस्थांपैकी तीन मुख्य कायद्याच्या छत्राखाली, ही स्थिती. तमिळनाडूतील अनाथालयांत मुलांच्या झालेल्या शोषणावरून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या प्रकरणात ५ मे २०१७ रोजी निकाल झाला, आणि नोंदणीचे काम ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत संपवा, असा हुकूम न्यायालयाला द्यावा लागला.

आता आपल्या समाजाला लागून असलेली गोष्ट सांगतो. मे २०१४ मध्ये झारखंड, बिहार आणि बंगालमधून रेल्वेने निघालेली शेकडो मुले केरळात पालक्काड स्टेशनवर उतरली. ती मलबारच्या यतीमखान्यांकडे निघालेली होती. पोलिसांनी मुलांच्या तस्करीचा गुन्हा नोंदवला. संस्थांचे म्हणणे, गरीब आईबापांनी शिक्षणासाठी आपल्या राजीखुशीने पाठवलेली मुले आहेत, यात गुन्हा कसला? वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी बरेच काही लिहिले गेले, आणि २०१५ साली केरळ उच्च न्यायालयाने तपास सी.बी.आय.कडे दिला. कोण खरे, कोण खोटे, यावर मी येथे बोलणार नाही. माझे लक्ष वेधले ते एका साध्या गोष्टीने. १९६० च्या कायद्यात संस्थेला मान्यता मिळते. पण एकेका मुलाचे नाव घेऊन, हे कोठून आले, याला येथे कोणी व का पाठवले, हे बालकल्याण समितीसमोर ठरवायचे, ही कल्पनाच त्या कायद्यात नाही. ती बाल न्याय कायद्याची. संस्था एका कायद्याच्या भाषेत बोलत होती, पोलीस दुसऱ्या. आणि या दोन भाषांच्या मध्ये मुले सामान घेऊन फलाटावर उभी होती. त्यांतली पुष्कळ मुले परत पाठवली गेली. त्यांचे शाळेचे वर्ष कोणत्या खात्यावर मांडायचे?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जुना, दुबार झालेला कायदा हा केवळ त्रास नाही. त्रास तर आहेच. तीच माहिती तीन नमुन्यांत भरायची, तीन टेबलांवर जायचे, आणि त्या पळापळीत अधीक्षकाचा जो दिवस जातो तो मुलांच्या वाट्याचा असतो. पण त्याहून मोठे नुकसान हे की दुबार कायदा लपायला जागा देतो. चांगल्या संस्थेला तो थकवतो आणि वाईट संस्थेला तो आडोसा होतो.

आपल्या सभांतून यावर दोन मते ऐकू येतात. काही बुजुर्ग म्हणतात, सरकारने यात पडूच नये. जकात आणि देणग्या देणारे आम्ही, सांभाळणारे आम्ही, वरून अल्लाह पाहतो आहे. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण देणगीदार वर्षातून एकदा जेवणाच्या दिवशी येतो, त्या दिवशी बिर्याणी असते आणि मुलांच्या अंगावर नवे कपडे असतात. त्या एका दिवसावरून उरलेल्या दिवसांचा अंदाज कोणी बांधू नये. दुसरे मत तरुणांचे. ते म्हणतात, तपासण्या वाढवा, अधिकारी वाढवा. तर त्यांनी मुजफ्फरपूर आठवावे. बिहारमधील ते मुलींचे बालगृह सरकारी अनुदानावर चालत होते. कागद होते, भेटी होत होत्या. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरवले, त्यांत बालकल्याण समितीवर काम केलेली माणसेही होती. म्हणजे ज्यांनी पाहायचे तेच. तेथला अत्याचार उघडकीला आला तो आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने २०१८ साली दिलेल्या अहवालामुळे. त्या पथकाच्या हाती पोलिसांचा दंडुका नव्हता की परवाना काढून घेण्याचा अधिकार नव्हता. ते त्या मुलींशी बोलले.

कोणता नियम काढावा आणि कोणता ठेवावा याचे उत्तर मला येथे सापडते. इमारतीला, ट्रस्टला, हिशेबाला विचारणारे नियम एकदा विचारून पुरेत. ते तीन कायद्यांत तीनदा नकोत. मुलाला विचारणारा नियम मात्र कितीही अडचणीचा वाटला तरी काढू नये. २०१५ च्या कायद्यात तसे नियम आहेत. ५४ व्या कलमाप्रमाणे तपासणी समितीने दर तीन महिन्यांत एकदा तरी आले पाहिजे, कमीत कमी तिघांनी, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्याच्या आत अहवाल दिला पाहिजे. ५३ व्या कलमाप्रमाणे सहा वर्षांवरील मुले असलेल्या संस्थेत मुलांची स्वतःची समिती हवी. हे दोन्ही नियम जेथे मनापासून पाळले जातात अशी ठिकाणे मी पाहिली आहेत, आणि जेथे मुलांच्या समितीचे कार्यवृत्त अधीक्षकाच्या हस्ताक्षरात लिहिलेले असते अशीही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण रद्द करण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कामगारांचा कायदा त्यांत विरून गेला. त्या कायद्यात कारखान्यात काम करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. पण विडी वळणाऱ्या बहुतेक बाया घरच्या ओट्यावर बसून वळतात. सिन्नरला जा, सोलापूरला जा. पाळणाघर कारखान्याला लागू, आणि मुले घरी तंबाखूच्या सुपाशेजारी. कायदा गेला तेव्हा त्या मुलांचे काही गेले नाही, कारण मिळालेच नव्हते. कारखान्यातली ती तरतूद नव्या संहितेत पन्नास कामगारांचा आकडा घेऊन आली आहे. ओट्यावरच्या मुलाला तीही मोजत नाही. तेव्हा रद्द झाले म्हणजे सुधारणा झाली, असे कोणी सांगू लागला तर त्याला विचारावे की जागा भरली का.

आता आपल्या वसतिगृहाविषयी, कारण समितीच्या सदस्यांनी मला काल रात्री जेवताना हेच विचारले. शाळेशी जोडलेल्या वसतिगृहाला १९६० च्या कायद्यातून सूट होती. या सुटीच्या आधारावर कित्येक संस्था आजही निश्चिंत आहेत. पण ४१ व्या कलमातील 'अंशतः' हा शब्द पाहा. शंभर विद्यार्थ्यांत दहा-बारा यतीम मुले आपण सवाबाच्या भावनेने ठेवून घेतली, त्यांची फी माफ केली, सुटीतही ती येथेच राहतात, तर ती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुले नव्हेत, असे मला म्हणता येणार नाही. २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या व्याख्येचा अर्थ व्यापक घ्यावा असेच सांगितले आहे. माझा सल्ला असा की वाद घालत बसू नये, अर्ज करावा. महिन्याभरात तात्पुरती नोंदणी मिळाली नाही तर अर्जाची पोच हीच सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती नोंदणी समजली जाते, असे कायदाच सांगतो. तेव्हा ती पोच सोन्यासारखी जपा. सहा महिन्यांत निकाल न लागल्यास ती अधिकाऱ्याची कर्तव्यच्युती मानली जाते. हेही कार्यालयात नम्रपणे आठवण करून देण्यासारखे आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून नोंदणीत जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते, म्हणून फाईल कोणत्या टेबलावर आहे हे विचारताना जिल्हाधिकारी कार्यालयही विसरू नका. मिळालेली नोंदणी पाच वर्षे चालते.

आणि त्याबरोबरच जुन्या कायद्यांविषयी आपल्या समाजाच्या संस्थांनी एकत्र बसून सरकारला लिहावे. 'आमच्यावरची देखरेख काढा' असे लिहिले तर ते पत्र कोणी वाचणार नाही, आणि वाचले तर त्याचा भलताच अर्थ लावील. लिहायचे ते असे: आम्हांला एकच कायदा लावा, एकच नमुना द्या, एकच कार्यालय नेमा, आणि त्या कार्यालयाचा माणूस दर तीन महिन्यांनी खरोखरच पाठवा. अशी मागणी आपल्याकडून गेली तर तिचे वजन वेगळे पडेल.

भगिनींसाठी एक शेवटची गोष्ट. यतीमखान्यात येणाऱ्या पुष्कळ मुलांची आई हयात असते. मूल घरी ठेवण्याची तिची इच्छा असते, ऐपत नसते. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना अशाच मुलांसाठी आहे. मूल आईजवळ किंवा नातेवाइकांजवळ राहते आणि दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम वाढवून २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होतो आणि आदेश बालकल्याण समिती देते. ज्या भगिनींना यासाठी कागद जमवायचे असतील, वडिलांचा मृत्यूचा दाखला, मुलाचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, त्यांनी जेवणानंतर मला भेटावे. मी परतीच्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत, म्हणजे साडेचारपर्यंत, शाळेच्या ग्रंथालयात बसलेला आहे.